मिरवणुकीला कोण येत नाही, ते आधी मोजूया

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण येत्या रविवारी आमच्या मंडळाची विसर्जनाच्या नियोजनाची बैठक आहे आणि त्याआधी हे लिहून टाकणं मला गरजेचं वाटतंय. सवडीने वाचा.

परवा ग्रुपवर बैठकीची विषयपत्रिका आली. एकूण नऊ विषय. मांडव, वर्गणी, देखावा, रथ, पथकांच्या तारखा, महाप्रसाद असे नेहमीचे आठ. नववा मात्र नवा आहे : "मिरवणुकीत मुली व महिलांनी रात्री दहानंतर थांबू नये, याबाबत निर्णय घेणे."

ज्यांनी हा विषय घातलाय त्यांचा हेतू वाईट नाही. मी त्यांना लहानपणापासून ओळखते. त्यांची स्वतःची मुलगी पथकात ताशा वाजवते. काळजीपोटीच त्यांनी हे सुचवलंय. तरीही या ठरावाला माझा विरोध आहे. तो का, हे बैठकीत पाच मिनिटांत सांगून होणार नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझ्याबद्दल थोडक्यात. पुण्यात पेठेतच जन्म, पेठेतच घर. नोकरी बँकेत. अकरा वर्षं ढोल वाजवला, पुढे खांद्याने साथ सोडली. आता तीन वर्षं मंडळाच्या कार्यकारिणीत आहे. सतरा जणांत आम्ही दोघी. मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यातलं बहुतेक सगळं तुमच्याही मंडळाला लागू पडेल.

आता हा नववा विषय कुठून आला, ते सांगते. ज्या मुलीबद्दल लिहितेय तिची परवानगी घेतली आहे. तिचं नाव, पथक काही सांगणार नाही. कृपया विचारूही नका.

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीला रात्री साडेनऊच्या सुमारास, आमच्यापुढे वाजवणाऱ्या पथकातली ही मुलगी ढोल उतरवून पाणी प्यायला दोराच्या बाहेर आली. पाण्याची गाडी वीसेक पावलांवर होती. गर्दीमुळे तेवढं अंतर कापायला तिला पाच मिनिटं लागली. तेवढ्यात मागून कुणीतरी दोनदा हात टाकला. दुसऱ्यांदा ती ओरडली, पण पन्नास ढोलांपुढे कुणाला ऐकू जाणार? शेजारच्या माणसाने एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा समोर बघायला लागला. मग ती आमच्या मंडळाचा टी-शर्ट घातलेल्या एका कार्यकर्त्याकडे गेली. तो म्हणाला, "ताई, गर्दीत लागतो हात. तुम्ही आत जा ना परत." तेवढ्यात दुसरा आला. "कोण होता? दाखव फक्त. फोडतो त्याला."

तिला माणूस दाखवता येत नव्हता, कारण तो पाठीमागे होता. आणि दाखवता आला असता तरी तिला मारामारी नको होती. ती परत आत गेली, ढोल बांधला आणि पथक थांबेपर्यंत वाजवत राहिली. यंदा सरावासाठी तिने नाव दिलेलं नाही.

यावर आपला उपाय काय, तर मुलींनी दहाला घरी जायचं. पण हे घडलं साडेनऊला! ठरावात लिहिलेली वेळ पाळली असती तरी हे घडलंच असतं. मग पुढच्या वर्षी नऊ करणार का? त्यापुढच्या वर्षी सात? दिवसाउजेडी, मानाच्या गणपतींच्या वेळीसुद्धा गर्दी असतेच की.

आणि दहानंतर रस्त्यावर फक्त मिरवणुकीतल्याच बायका असतात का? ड्युटी संपवून घरी चाललेली नर्स असते. फुगे, पिपाण्या विकायला बसलेली बाई असते. बंदोबस्ताला उभ्या असलेल्या महिला पोलीस असतात. त्यांना काय सांगणार? पाकीटमारी झाली तर आपण पाकिटं असलेल्यांना घरी पाठवत नाही. पाकीटमाराला शोधतो.

आता आपल्या तयारीकडे बघा. मिरवणुकीला आमचे साठेक कार्यकर्ते असतात. जनरेटरवर दोघं. रथाच्या चाकांपाशी चौघं, कुणाचा पाय खाली येऊ नये म्हणून. झाडाच्या फांद्या आणि वायरी बांबूने वर उचलायला दोघं. हारतुऱ्यांना एक, प्रसादाला तिघं, पुढच्या मंडळाशी अंतर ठेवायला एक, पोलिसांशी बोलायला अध्यक्ष. मूर्तीचा एक दागिना हलू नये म्हणून रात्रभर एक माणूस डोळ्यांत तेल घालून बसतो. फार नीट नियोजन असतं, मला त्याचा अभिमान आहे. पण या साठ जणांत, "मला त्रास झाला" असं सांगत कुणी आलं तर ऐकून घेण्याचं काम कुणालाच दिलेलं नव्हतं. ते दोघे कार्यकर्ते वाईट नव्हते. एकाला वाटलं हे चालायचंच, दुसऱ्याला वाटलं हाणामारी हाच उपाय. काय करायचं हे आपण त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

आता पोस्टच्या शीर्षकाकडे येते.

उत्सव संपला की आपण हिशोब मांडतो. किती लोक आले, वर्गणी किती जमली, मिरवणूक किती तास चालली. कोण आलं नाही, हे आपण कधी मोजत नाही. कसं मोजणार? जो आलाच नाही तो आपल्याला दिसत नाही, आणि न येण्याचं कारण सांगायला तो मंडळाच्या ऑफिसात येत नाही.

यंदा वर्गणीला आमच्या भागातली चाळीसेक घरं माझ्याकडे होती. पावती फाडताना मी प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारला, "विसर्जनाला खाली येता का? नसाल येत, तर का?" हा काही सर्व्हे वगैरे नाही. पण जे ऐकलं ते तुमच्यापुढे ठेवते.

वाड्यातल्या एक आजी. त्यांनी तरुणपणी लेझीम खेळलंय. आता दहा दिवस त्या मुलीकडे चिंचवडला जातात. "अगं, कानातलं मशीन काढून ठेवलं तरी छातीत धडधडतं. खिडकीच्या काचा वाजतात." आजींना मी कायदा सांगितला नाही, तुम्हाला सांगते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत वेळ वाढवून देता येते, पण वेळ वाढवून मिळाली म्हणजे भिंती हलवायचा परवाना मिळाला असं नव्हे. आणि डेसिबलचं गणित साधं नसतं. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ५५ चे ९५ झाले तर ती दहा हजार पट झाली.

दुसऱ्या मजल्यावरचे एक काका, पोलिओमुळे कॅलिपर आणि कुबड्या. बांबूच्या बॅरिकेडखालून वाकून त्यांना जाता येत नाही आणि मांडवाला तीन पायऱ्या आहेत. ते पहाटे सहाला येतात, रस्त्यावरून हात जोडतात आणि परत जातात. गेली कित्येक वर्षं. मला वाटायचं त्यांना पहाटेचं दर्शन आवडतं.

एका घरी स्वमग्न मुलगा आहे, एकोणीस वर्षांचा. त्याला गणपती फार आवडतो, स्वतः मातीचा करतो. अचानक झालेला आवाज आणि लखलखणारे दिवे मात्र त्याला सहन होत नाहीत. त्याची आई म्हणाली, "एक तासभर सगळं शांत ठेवाल का हो? एवढं केलंत तरी पुरे." लेझरबद्दलही त्या बोलल्या. ती भीती उगाच नाही. मिरवणुकीतल्या लेझरमुळे डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात आणि पुण्यात पोलिसांना त्यावर बंदीचा आदेश काढावा लागला.

एक ताई, नवरा कोविडमध्ये गेला. त्या वर्गणी देतात, महाप्रसादाला पोळ्या लाटायला येतात. पण हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांना हमखास काहीतरी काम निघतं. आरतीचा मान आपण कायम जोडप्याला देतो, त्यामुळे तोही विषय संपला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. एका खेड्याला जमलं, ते विद्येच्या माहेरघराला अजून जमू नये?

आमच्या गल्लीच्या टोकाला भाड्याने राहणारी एक तृतीयपंथी. ती वर्गणी देते आणि पावती मागून घेते. आरतीला का येत नाही विचारलं, तर हसली. "येते की. लांबून बघते. जवळ आलं की पोरं मोबाईल काढतात, नाच म्हणतात." सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, २०१९ मध्ये कायदा आला, २०२४ मध्ये याच पुण्यात तृतीयपंथीयांनी शिखंडी नावाचं स्वतःचं ढोलपथक उभं केलं. आणि आमच्या मांडवात एका बाईला निवांत उभं राहून आरती म्हणता येत नाही.

आणि पुरुषही येत नाहीत, बरं का. एक तिशीतला मुलगा म्हणाला, "ताई, मला नाचायला आवडतं. पण पिऊन आलेले अंगावर पडतात, मग भांडणं. त्यापेक्षा टीव्हीवर बघतो." त्या दिवशी ड्राय डे असतो, हे आपण सगळे जाणतो. आणि स्टॉक आदल्या दिवशी येतो, हेही सगळे जाणतो.

या सगळ्यांची कारणं वेगवेगळी आहेत. पण शेवट एकच, प्रत्येक जण गुपचूप घरी थांबला. नववा ठराव झाला तर त्या यादीत आपण आणखी एक नाव घालू, आणि या वेळी लेखी घालू.

लोकमान्यांनी १८९३ पासून या उत्सवाला सार्वजनिक रूप देण्यासाठी जोर लावला, तो एरवी एकत्र न येणारी माणसं एका मांडवाखाली यावीत म्हणून. २०२५ मध्ये सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. महोत्सव राज्याचा म्हणायचा, तर राज्यातल्या माणसांना त्यात उभं राहता आलं पाहिजे. नऊवारी, नथ आणि फेट्यातल्या मुलींचे ढोल वाजवतानाचे फोटो दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर येतात. त्या फोटोचं आपल्याला कौतुक आहे. मग फोटो काढून झाल्यावर त्या मुलीला पाणी कुठे मिळतं, ती लघवीला कुठे जाते, हेही आपणच बघायला हवं.

लघवीचा विषय काढलाच आहे तर स्पष्ट लिहिते. दुपारी चारला रांगेत लागलेल्या मुलीला रात्री एक-दोनपर्यंत जायला जागा नसते. म्हणून मुली दुपारपासून पाणीच पीत नाहीत. कमरेला ढोल, अंगात घामाने भिजलेले कपडे, आणि पाणी नाही. मग चक्कर येते, मग आपण म्हणतो "मुलींना झेपत नाही". पाळी असेल तर विचारूच नका. वारीच्या वाटेवर गेल्या काही वर्षांत फिरती शौचालयं, सॅनिटरी नॅपकिन, अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्ष या सोयी व्हायला लागल्या. लाखो माणसं चालत असताना तिथे सुरुवात होऊ शकते, तर इथे एका रस्त्याचा प्रश्न आहे.

आता गर्दीबद्दल. पुरुष मंडळींनी हे नीट वाचावं, कारण हे फक्त बायकांपुरतं नाही.

गर्दीचा अभ्यास करणारे सांगतात की एका चौरस मीटरमध्ये पाचाच्या वर माणसं झाली की धोका सुरू होतो. त्यापुढे माणसाचा स्वतःच्या हालचालीवर ताबा राहत नाही, गर्दी पाण्यासारखी ढकलत नेते. अशा वेळी बहुतेक लोक पायाखाली तुडवून मरत नाहीत. छाती दाबली जाऊन, श्वास न घेता आल्याने मरतात, कित्येकदा उभ्या उभ्याच. जानेवारी २००५ मध्ये मांढरदेवीला अडीचशेहून जास्त माणसं गेली. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जण गेले. त्यांतले कुणी चुकीच्या वेळी घराबाहेर पडले नव्हते.

ज्या गर्दीत कुणाचा हात कुठे गेला हे दिसत नाही, त्याच गर्दीत कुणाचा श्वास अडकला तेही दिसत नाही. बाईला पाण्याच्या गाडीपर्यंत जायला वाट नसेल, तर हार्ट अटॅक आलेल्या माणसाला बाहेर काढायलाही वाट नसते. म्हणून "महिला सुरक्षा" हा विषयपत्रिकेच्या शेवटी टाकायचा वेगळा विषय नाहीच. तो मिरवणुकीच्या नियोजनातच यायला हवा.

मग करायचं काय? टीका करून मी मोकळी होणार नाही. रविवारी मी या गोष्टी मांडणार आहे.

एक. मदतीची एक ठरलेली जागा. मांडवात दहा दिवस आणि मिरवणुकीत रथामागच्या टेम्पोत. चांगला उजेड, दोन खुर्च्या, पाणी, प्रथमोपचाराची पेटी, मोबाईल चार्जर. दोन माणसं, त्यांतली एक बाई. त्या जागेची माहिती आणि फोन नंबर मांडवाच्या फलकावर आणि पथकांच्या ग्रुपवर आधीपासून. जर्मनीत म्युनिकला ऑक्टोबरफेस्ट भरतो, बिअरचा जगप्रसिद्ध उत्सव. तिथे २००३ पासून मुली आणि स्त्रियांसाठी असं मदतकेंद्र चालतं. मैत्रिणी हरवल्या, फोन बंद पडला, घरी कसं जायचं कळेना, तरी तिथे जाता येतं. मोठंच काही घडलेलं असावं लागत नाही. शिवाय २००५ पासून तिथल्या तंबूंमध्ये संध्याकाळी सहापर्यंत आवाज ८५ डेसिबलच्या आत ठेवतात, म्हातारी माणसं आणि लेकरंबाळं असलेली घरं यावीत म्हणून. बिअरच्या उत्सवाला हे सुचतं, तर बुद्धीच्या देवतेच्या उत्सवाला का नाही?

दोन. साठांतले सहा कार्यकर्ते वेगळ्या रंगाच्या टी-शर्टमध्ये, तीन मुलगे, तीन मुली. त्यांनी नाचायचं नाही, रथ ओढायचा नाही, सेल्फी काढायचे नाहीत. दोराच्या बाहेरून चालायचं आणि गर्दीकडे बघायचं. दर दोन तासांनी पाळी बदलायची, म्हणजे सगळ्यांनाच मिरवणूकही मिळेल.

तीन. तक्रार आली तर काय करायचं, ते आधीच ठरलेलं आणि एका कागदावर लिहिलेलं. आधी तिला बाजूला, उजेडात न्यायचं. "नक्की तसंच झालं का?" हे विचारायचं नाही. "तुला आता काय हवंय?" हे विचारायचं. संशयिताला मारायचं नाही. पुष्कळ मुली गप्प बसतात त्या याच भीतीने, की आपल्या एका शब्दावरून चौकात कुणाचं तरी डोकं फुटेल. त्याला रोखून पोलिसांच्या ताब्यात द्यायचं, ११२ ला फोन करायचा. हा गुन्हा आहे, गंमत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ खाली विनयभंगाला किमान एक आणि कमाल पाच वर्षं शिक्षा आहे, लैंगिक छळाचं कलम ७५ वेगळं. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही आणि अशा गुन्ह्यात स्त्रीची तक्रार महिला पोलिसाने नोंदवायची असते. तक्रार द्यायची की नाही हे ती ठरवेल. मंडळाची बदनामी होईल म्हणून तिला गप्प करायचं काम कुणीही करणार नाही, अध्यक्षसुद्धा नाही.

चार. प्यायलेल्या कार्यकर्त्याचा टी-शर्ट आणि बिल्ला त्याच क्षणी परत. तो कुणाचा भाचा आहे, हे बघायचं नाही.

पाच. शौचालय. मार्गावरच्या दोन शाळा, एखादं कार्यालय आणि ओळखीच्या सोसायट्या यांच्याशी आतापासून बोलायचं. आमच्या चार सोसायट्यांनी तळमजल्याचं बाथरूम बायकांसाठी उघडं ठेवायला आत्ताच होकार दिलाय, अट एवढीच की साफसफाई मंडळाने करायची. कमी पडलं तर फिरती शौचालयं भाड्याने आणू. गेल्या वर्षी आपण नुसत्या लायटिंगवर सव्वादोन लाख घातले. त्यातली एक कमान कमी केली तर हे सगळं बसतं.

सहा. रोज सकाळी नऊ ते दहा शांत दर्शन. स्पीकर बंद, लखलखते दिवे बंद, दहा खुर्च्या मांडलेल्या. पायऱ्यांवर प्लायवूडचा उतार, शेजारी धरायला कठडा. आपला मांडववाला म्हणाला, "एवढंच ना? पहिल्यांदाच सांगितलं असतंत तर तेव्हाच केला असता."

सात. आरतीचा मान घरांच्या यादीप्रमाणे. जोडपं असो, एकटी बाई असो, एकटा बाप्या असो, भाडेकरू असो. ज्याने पावती फाडली त्याचा नंबर लागणार. हळदीकुंकवाचं निमंत्रण सगळ्या बायकांना, आणि "सगळ्या" म्हणजे सगळ्या.

आता काय काय ऐकावं लागणार, तेही मला ठाऊक आहे.

"आमच्याच सणाला का नियम?" हे पहिलं येईल. तर मला नियम सगळीकडेच हवेत. थर्टी फर्स्टच्या पार्टीला, गरब्याच्या मैदानाला, जयंतीच्या आणि ईदच्या मिरवणुकीला, दहीहंडीला. पण मी सुरुवात माझ्या घरापासून करणार, कारण पावतीपुस्तक माझ्या हातात याच मंडळाचं आहे. दुसऱ्याच्या अंगणातला कचरा दाखवून आपलं अंगण झाडून निघत नाही.

"मग मजाच जाईल." कुणाची? आजींची, काकांची, त्या मुलीची मजा तर कधीचीच गेली आहे. ढोल वाजवायला मला आजही हात शिवशिवतात. मिरवणूक मिळमिळीत व्हावी असं मला अजिबात वाटत नाही. ढोल वाजलेच पाहिजेत. डीजेच्या भिंती नकोत, लेझर नको, एवढंच.

"पोलीस कशाला आहेत मग?" पोलीस आहेतच. पण चोवीस तासांहून लांबणाऱ्या मिरवणुकीत प्रत्येक मंडळाच्या मागे किती पोलीस उभे राहणार? आणि त्या मुलीने पहिल्यांदा गाठला तो पोलीस नव्हता. आपलं नाव छातीवर असलेला आपला कार्यकर्ता होता. लोक आधी आपल्याकडे येतात, कारण त्यांचा आपल्यावर भरवसा आहे.

"हे जमणार नाही, लाखोंची गर्दी असते." याचं उत्तर तुम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. लक्ष्मी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसताना अँब्युलन्सचा भोंगा ऐकू येतो. ढोल थांबतात. कुणीतरी हात पसरून मागे सरकतो, मग त्याच्या मागचा, मग त्याच्याही मागचा. दोन मिनिटांपूर्वी जिथून मुंगी जात नव्हती तिथून गाडी निघून जाते आणि मागे पुन्हा ठेका सुरू होतो. त्यासाठी कुणी लाठी उगारत नाही. आपण वर्षानुवर्षं हे एकमेकांचं बघून शिकलोय. अँब्युलन्सला वाट द्यायची हे पुण्याच्या गर्दीला जसं कळतं, तसंच मदत मागणाऱ्या मुलीला वाट द्यायची हेही कळू शकतं. पहिली दोन-चार वर्षं आपल्याला हात पसरून मागे सरकावं लागेल, इतकंच.

तर रविवारी नवव्या विषयावर मी दुरुस्ती सुचवणार आहे. तिचा मसुदा असा : "मिरवणुकीत कोणालाही, कोणत्याही वेळी, निर्भयपणे थांबता यावे यासाठी मदतकेंद्र, सहा जबाबदार कार्यकर्ते, शौचालय व शांत दर्शनाची सोय करणे, आणि विसर्जनानंतरच्या पहिल्या बैठकीत, यंदा कोण आले नाही व का, याचा आढावा घेणे."

बैठक संध्याकाळी सातला, मांडवाच्या जागेवरच. आमच्या भागातल्या ज्यांनी वर्गणी दिली आहे, त्या सगळ्यांना बोलायचा अधिकार आहे. ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनीही या, समोरासमोर बोलू. बायकांनी तर याच. आम्ही दोघीच असलो की विषय दोन मिनिटांत संपतो, हा तीन वर्षांचा अनुभव आहे. काका, तुमच्यासाठी खुर्ची पहिल्या रांगेत ठेवते. आणि बाकीच्या पेठांतल्या, उपनगरांतल्या मंडळींनो, तुमच्याकडे यांतलं काही आधीच सुरू असेल तर नक्की सांगा. आयतं उचलायला आम्हाला अजिबात लाज वाटणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!